चाकांवरचा संडास

कॅराव्हॅनमधल्या विजेच्या फ्लशला घरच्या फ्लशपेक्षा फार हलके काम असते. घरच्या टाकीतून सहा ते दहा लिटर पाणी एका दमात सुटते आणि भांड्याच्या वळणातून मैला पलीकडे ढकलते. कॅराव्हॅनमध्ये ढकलायचे काही नसतेच. भांड्याच्या तळाशी एक सरकते पाते असते. ते बाजूला केले की मैला स्वतःच्या वजनाने सरळ खालच्या टाकीत पडतो. फ्लशचे पाणी भांडे ओले ठेवते आणि धुते, एवढेच. त्याला पाव ते अर्धा लिटर पुरते. त्यामुळे फ्लश बंद पडला म्हणजे संडास बंद पडला असे होत नाही. बादलीतले तांब्याभर पाणी तेच काम करते आणि दुरुस्ती सावकाश, दिवसाउजेडी करता येते. रात्री अकराला, पोराबाळांच्या आरडाओरड्यात, मोबाइलच्या उजेडात पॅनेल उघडणाऱ्यांच्या हातून जेवढी मोडतोड होते, तेवढी यंत्र आपणहून क्वचितच करून घेते.

या जातीच्या संडासाला कॅसेट टॉयलेट म्हणतात. अमेरिकेतल्या थेटफर्ड कंपनीने १९६८ मध्ये ‘पोर्टा पॉटी’ हा हातात उचलून नेण्याजोगा संडास बाजारात आणला. वर बसायचे भांडे आणि स्वच्छ पाणी, खाली मैल्याची टाकी, मध्ये पाते अशी त्याची रचना होती. पुढे भांडे गाडीच्या आत पक्के बसले आणि खालची टाकी बाहेरच्या छोट्या दारातून खणासारखी ओढून काढता येऊ लागली. हा खण म्हणजेच कॅसेट. त्यात साधारण अठरा लिटर मावतात. आज या धंद्यात थेटफर्ड आणि स्वीडनची डोमेटिक ही दोन नावे मोठी आहेत. इतरांच्या रचनाही त्यांच्याच वळणाच्या आहेत.

विजेचा फ्लश दोन प्रकारचा असतो आणि आपल्या गाडीत कोणता आहे हे ठाऊक नसेल तर दुरुस्तीची सुरुवातच चुकते. पहिल्या प्रकारात संडासाला फ्लशपुरती स्वतंत्र पाण्याची टाकी असते. तिच्या तळाशी पाण्यात बुडालेला, मुठीत मावेल एवढा १२ व्होल्टचा पंप असतो. बटण दाबले की पंप फिरतो, सोडले की थांबतो. दुसऱ्या प्रकारात स्वतंत्र टाकी नसते. बेसिनला आणि मोरीला पाणी देणारा गाडीचा मुख्य पंपच संडासालाही पाणी देतो आणि वाटेत विजेवर उघडणारी एक झडप असते, तिला सोलेनॉइड व्हॉल्व्ह म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. गाडीच्या बाहेरच्या अंगाला संडासाजवळ फ्लशचे पाणी भरायचे वेगळे तोंड दिसले, तर पहिला प्रकार. तसे नसेल तर बहुधा दुसरा.

महाराष्ट्राला चाकांवरच्या संडासाची सवय पर्यटनातून लागली नाही, ती सिनेमामुळे लागली. अभिनेत्री पूनम धिल्लों यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या चित्रीकरणांसाठी व्हॅनिटी व्हॅन आणल्या. त्याआधी बाहेरच्या चित्रीकरणात नट्यांची जी आबाळ होई, तिच्यावरचा तो उपाय होता. टाकी, पंप, बॅटरी आणि मैला यांचा मेळ घालणारे कारागीर त्या धंद्यातून तयार झाले. पर्यटनासाठी राज्य सरकारचे कॅराव्हॅन धोरण आले ते २०२१ मध्ये. आता मोठ्या व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या अशा गाड्या भाड्यानेही मिळतात. सहकुटुंब तीर्थयात्रेला निघालेल्यांना त्यांचे आकर्षण वाटते ते मुख्यतः संडासापायीच. घरातल्या वृद्धांना आणि लहान मुलांना रस्त्याकडेच्या सोयीवर सोडायचे नसते.

सोलापूर हा अशा यात्रेचा नाका आहे. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि सीमेपलीकडचे गाणगापूर या सगळ्यांच्या वाटा इथे मिळतात. शहर सोडून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले, औद्योगिक वसाहत मागे पडली की थोड्याच वेळात दक्षिण सोलापूर तालुक्यातले कुंभारी लागते. या गावाला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयामुळे आणि विडी कामगारांच्या घरकुलांमुळे लोक ओळखतात. अशा ठिकाणी फ्लश अडला तर तो युरोपातल्या माहितीपत्रकात लिहिलेल्या क्रमाने अडत नाही. ती पत्रके थंड हवा, मऊ पाणी आणि कागद वापरणारी माणसे गृहीत धरून लिहिलेली असतात. इथे ऊन बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे, पाणी बोअरचे आणि माणसे पाण्याने धुणारी. दोष तेच असले तरी कोणता आधी येणार, हे या तीन गोष्टी ठरवतात.

सर्वांत साधी तक्रार म्हणजे बटण दाबले आणि काहीच झाले नाही. ना आवाज, ना पाणी. इथे पाण्याकडे बघायचेच नाही, दोष विजेत आहे. आधी संडासातला आणि बेसिनवरचा दिवा लावून पाहावा. तेही मिणमिणत असतील तर प्रश्न संडासाचा नसून बॅटरीचा आहे. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी विसाव्यात १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आली की ती जवळजवळ रिकामी समजावी. एवढ्यावर एलईडी दिवे खुशाल लागतात, कारण त्यांना करंट नाममात्र लागतो. पंप मात्र उठत नाही. म्हणूनच ‘दिवे तर लागतायत, मग बॅटरी ठीकच असणार’ हा तर्क फसवा आहे. मल्टिमीटरचे टोक लावून, बटण दाबलेले असतानाच आकडा वाचला पाहिजे. दाबण्यापूर्वी १२.५ आणि दाबल्यावर १० च्या खाली असे दिसले तर एक तर बॅटरी गेली आहे, नाही तर वाटेत कुठे तरी जोड सैल आहे. कोणते, ते बॅटरीच्याच टोकांवर मीटर लावून कळते. तिथे आकडा टिकून राहिला आणि पंपापाशी कोसळला, तर दोष वायरीत आहे.

त्यानंतर फ्यूज. संडासाच्या फ्लशला बहुधा ३ अँपिअरच्या आसपासचा छोटा फ्यूज असतो. तो कधी गाडीच्या मुख्य फ्यूज बॉक्समध्ये, तर कधी संडासामागे, कॅसेटचे दार उघडल्यावर हात जाईल अशा जागी असतो. उडालेला फ्यूज बदलावा, तेवढ्याच अँपिअरचा. नवा बसवताक्षणी उडाला तर तो पुन्हा पुन्हा बदलण्यात अर्थ नाही. पंप जाम झाला आहे किंवा वायरीचे आवरण कुठे तरी घासून ती गाडीच्या पत्र्याला लागली आहे. अशा वेळी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून किंवा तांब्याची तार बांधून काम भागवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ट्रकच्या दिव्यांपुरती ती कदाचित खपत असेल. प्लायवूड, फोम आणि गॅसची शेगडी असलेल्या बंद खोक्यात, बारीक वायरीवर हा प्रयोग म्हणजे आगीला आमंत्रण.

फ्यूज शाबूत, बॅटरी ठणठणीत आणि तरीही शांतता, असे असेल तर संशय अर्थिंगवर घ्यावा. अक्कलकोट रस्त्यावरच्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनचे पहिले वाक्य ‘अर्थ सुटला असेल’ हेच असते आणि बहुतेक वेळा ते बरोबर असते. संडासाची खोली ही गाडीतली सर्वांत ओली जागा आहे. हातफवारा वापरला की पाणी भांड्याच्या कडेने बटणाच्या पॅनेलपर्यंत पोचते. तांब्याच्या टोकांवर हिरवट पूड धरते आणि करंट अडतो. कागदाच्या हिशेबाने केलेल्या पॅनेलला एवढ्या पाण्याची कल्पनाच नसते. टोके बारीक पॉलिश पेपरने घासून, कोरडी करून, घट्ट दाबून बसवली की अर्ध्याहून अधिक ‘बिघडलेले’ पंप जिवंत होतात.

तरीही पंप गप्प असेल तर दोष बटणात की पंपात, हे ठरवायला दोन वायरी पुरतात. पंपाचा प्लग काढायचा आणि बॅटरीवरून, वाटेत फ्यूज ठेवून, पंपाला थेट १२ व्होल्ट द्यायचे. पंप फिरला तर तो निर्दोष आहे आणि बटण किंवा त्यामागचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला आहे. फिरला नाही पण वायर लावताना बारीक ठिणगी दिसली, तर पंप वीज घेतो आहे पण अडकला आहे. ठिणगीही नाही, तर पंपाच्या आतली तार तुटली आहे.

अडकलेला पंप हे कुंभारीच्या पाण्याचे देणे. हा सगळा पट्टा बेसॉल्टच्या काळ्या खडकाचा आहे. बोअरचे पाणी खडकाच्या भेगांतून येते आणि येताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. घरच्या हंड्यावर, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच पंपाच्या आतल्या पंख्यावर चढतो. प्रवास चालू असताना थर पातळ राहतो. गाडी दोन महिने उभी राहिली, टाकीतले तळाचे पाणी आटत गेले की मागे राहिलेला क्षार पंख्याला सिमेंटासारखा धरून बसतो. पंप बाहेर काढून व्हिनेगरात किंवा कोमट पाण्यात विरघळवलेल्या लिंबूसत्त्वात काही तास बुडवावा, मग पंखा काडीने हलकेच फिरवून पाहावा. संडास साफ करायचे ॲसिड वापरू नये. ते क्षाराबरोबर धातूचा दांडा आणि रबरी वॉशरही खाते. आणि ॲसिडनंतर ब्लीचिंगचे पाणी ओतले तर त्या कोंदट खोलीत क्लोरीन वायू तयार होतो. हा धोका कागदावरचा नाही.

पंप मेलाच असेल तर मूळ भाग परदेशातून यायची वाट पाहावी लागते. सोलापुरात मोटर रिवाइंडिंगची दुकाने पुष्कळ आहेत, यंत्रमागांच्या शहरात ती असणारच, पण एवढीशी सीलबंद मोटर गुंडाळण्यात कोणी वेळ घालवत नाही. तात्पुरती सोय मात्र जवळच असते. पहिल्या प्रकारच्या फ्लशला मोटारीच्या काचेवर पाणी मारणारा वॉशर पंप चालून जातो. तोही १२ व्होल्टचाच असतो आणि थोडा वेळ चालण्यासाठीच केलेला असतो, त्यामुळे बटण दाबून धरू नये. दुसऱ्या प्रकारात गाडीचा मुख्य पंप गेला असेल तर त्याचा सख्खा भाऊ कृषी सेवा केंद्रात मिळतो. पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपात जी मोटर असते, ती त्याच पडद्याच्या जातीची, १२ व्होल्टची असते आणि तिलाही दाब वाढल्यावर बंद करणारा स्विच असतो. फरक दाबाचा. औषध फवारायला लागणारा दाब कॅराव्हॅनच्या नळ्यांना झेपेल त्याहून बराच जास्त असतो. दाबाचा स्क्रू सैल करून, एक नळ किंचित उघडा ठेवूनच ती लावावी, नाही तर पाणी भांड्यात न येता फर्निचरच्या मागून येईल.

दुसरी तक्रार आवाज येतो पण पाणी येत नाही, ही. इथे वीज सुटली, शोध पाण्याच्या वाटेचा. टाकी रिकामी आहे का, हे पाहायला पुष्कळांना लाज वाटते, म्हणून ते सर्वांत शेवटी पाहिले जाते. टाकीत पाणी असूनही पंप नुसता गुणगुणत असेल तर आत हवा अडकली आहे. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली की असे होते. थोडे पाणी जास्त भरून, बटण चार-पाच वेळा तुटक दाबले की हवा निघते. तेवढ्याने भागले नाही तर नळी कुठे दुमडली आहे का आणि भांड्याच्या कडेला पाणी पसरवणारे तोंड क्षाराने बुजले आहे का, ते बघावे. धार एकाच बाजूला पडत असेल, दुसरी बाजू कोरडी राहत असेल, तर ते तोंडच बुजलेले असते. सुईने टोकरण्यापेक्षा लिंबूसत्त्वात भिजवलेला कापूस रात्रभर लावून ठेवला तर ते जास्त नीट मोकळे होते.

झडपेच्या प्रकारात ‘टक्’ असा आवाज येतो पण पाणी येत नाही, तेव्हा बेसिनचा नळ उघडून पाहावा. तिथेही पाणी नसेल तर मुख्य पंप दोषी. तिथे जोरात येत असेल तर झडप. पाणी थांबतच नाही ही तक्रारही याच झडपेची. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यातून आलेला वाळूचा एक कण रबरी पडद्याखाली बसला की झडप पूर्ण मिटत नाही आणि भांड्यात बारीक धार चालू राहते. बाहेर वाहून जायला वाट नसल्याने हे पाणी शेवटी मैल्याच्या टाकीत जाते आणि ती रातोरात भरते. तातडीचा उपाय म्हणजे मुख्य पंप बंद करणे. नंतर झडप उघडून पडदा धुणे आणि पंपाच्या तोंडाशी जाळी बसवणे. कुंभारीत पाणी भरताना पाइपच्या टोकाला धोतराचे चौपदरी फडके बांधले तरी कण अडतात. घरोघरी माठ भरताना हेच करत आले आहेत.

पाते आणि त्याचे रबर हा उन्हाळ्याचा विभाग. उभ्या गाडीच्या आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी चढते. पात्याभोवतीचे ओठासारखे रबरी सील कोरडे पडते, पात्याला चिकटते आणि दांडा जोराने ओढला की फाटते. मग वास वर येतो, वळणावर टाकीतले पाणी भांड्यात डोकावते. रबराला सिलिकॉनचा फवारा किंवा ऑलिव्ह तेल लावतात. व्हॅसलीन किंवा ग्रीस चालत नाही, पेट्रोलियमने हे रबर फुगते. या भागात घरोघरी करडईचे तेल असते आणि हात तिकडेच जातो, पण नेमके तेच लावू नये. करडईचे तेल हवेत सुकणाऱ्या तेलांपैकी आहे. म्हणून तर ते रंगांत वापरतात. रबरावर त्याचा काही दिवसांत चिकट पापुद्रा होतो आणि पाते पहिल्याहून घट्ट बसते. पाते हलतच नसेल तर कॅसेट जागेवर पूर्ण बसली आहे का, हेही पाहावे. ती खटक्यात बसल्याशिवाय बहुतेक रचनांमध्ये दांडा मुद्दाम अडवलेला असतो.

उन्हाचा आणखी एक परिणाम म्हणजे टाकीतला दाब. उष्णतेने मैला लवकर कुजतो आणि वायू साचतो. टाकीला तो सोडणारे छिद्र असते. ते बुजले असेल तर दुपारी पाते उघडताच आतले पाणी तोंडावर उडते. पाते आधी बोटभर उघडून, क्षणभर थांबून मग पूर्ण उघडावे आणि त्या वेळी भांड्यावर वाकून पाहू नये.

टाकी भरल्याचा लाल दिवा ही वेगळीच गंमत आहे. कॅसेटच्या आत एक तरंगता गोळा असतो, त्यात लोहचुंबक. पातळी चढली की चुंबक बाहेरच्या अंगाला बसवलेल्या काचेच्या नळीतल्या स्विचजवळ येतो आणि दिवा लागतो. कॅसेटला एकही वायर जोडलेली नसते ती यामुळेच. दिवा कायम लागलेला असेल तर गोळ्याचा दांडा क्षाराने वर अडकला आहे. कधीच लागत नसेल तर कॅसेट बाहेर काढून, फ्रिजवर लावायचा साधा चुंबक त्या स्विचपाशी धरावा. दिवा लागला तर स्विच चांगला आणि गोळा वाईट.

आणि पुष्कळदा दिवा खरेच बोलत असतो, माणसांचाच विश्वास बसत नाही. ‘सकाळीच तर रिकामी केली होती’ हे वाक्य भाड्याच्या प्रत्येक कॅराव्हॅनमध्ये ऐकू येते. हिशेब असा. कागद वापरणाऱ्याच्या एका फेरीत टाकीत पाऊण-एक लिटर जाते, म्हणून अठरा लिटर वीस वेळा पुरतात. धुण्यासाठी तांब्या किंवा फवारा वापरला की एका फेरीचे दोन लिटर सहज होतात आणि तीच टाकी नवव्या वेळी भरते. पाच माणसांचे कुटुंब म्हणजे एका दिवसाहून कमी. यात यंत्राचा दोष नाही, सवयीचाही नाही. घेताना या सवयीचा विचार कोणी केला नाही, हा दोष. दुसरी कॅसेट बरोबर ठेवणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे. ‘पाणी कमी वापरा’ अशी पाटी आजीच्या डोळ्यांसमोर लावण्यात काही हशील नाही.

भारतीय रेल्वेने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेल्या मुंबई–सोलापूर वंदे भारतमध्येही बटणाचा फ्लश आहे, पण तिथे मैला निर्वात ओढीने खेचला जातो आणि डब्याखालच्या टाकीत जिवाणू त्याचे विघटन करतात. तिथे टाकीत कमी पाणी जावे ही काळजी निर्वात घेतो, प्रवाशाला घ्यावी लागत नाही. कॅराव्हॅनच्या छोट्या बॅटरीवर एवढा सरंजाम परवडत नाही.

कॅसेट रिकामी कुठे करायची, या प्रश्नावर मात्र वायरमन काही करू शकत नाही. ओढ्यात, शेताच्या बांधावर किंवा पावसाच्या गटारात ती ओतू नये, हे सांगायला लागू नये पण लागते. योग्य जागा एकच, सेप्टिक टँकला किंवा भुयारी गटाराला जोडलेला संडास. कुंभारीत त्यांची वाण नाही. महिला विडी कामगारांसाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरांची. असंघटित कामगारांसाठीचा रे नगर प्रकल्प तीस हजार घरांचा, त्यातली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ ला ताब्यात दिली गेली. कॅसेटमधले अठरा लिटर म्हणजे घरच्या संडासाचे दोन-तीन फ्लश. सभ्यपणे विचारले तर नाही म्हणणारे घर विरळा. पण विचारताना टाकीत कोणते औषध घातले आहे, हे माहीत असावे. वास दाबणाऱ्या निळ्या द्रावणांत अनेकदा फॉर्मल्डिहाइड असते. ते जिवाणूंना मारते आणि दुसऱ्याच्या सेप्टिक टँकचे काम अडवते. जैविक, बहुधा हिरव्या बाटलीतले द्रावण त्यासाठी बरे. ओतताना कॅसेटवरचे हवेचे बटण दाबून धरावे, म्हणजे पाणी डचमळत, उडत न येता संथ पडते.

गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर फ्लशची टाकी पूर्ण उपसून पंप काढावा, गोड्या पाण्यात धुऊन, पुसून, वायरीच्या टोकांवर थोडे सिलिकॉन फवारून पिशवीत ठेवावा. कॅसेट लिंबूसत्त्वाच्या पाण्याने खळबळून, सावलीत वाळवून परत बसवावी आणि पाते अर्धे उघडे ठेवावे. मिटलेल्या पात्याखाली रबर चार महिने दाबून राहिले तर दसऱ्याला गाडी काढताना पहिल्याच ओढीला त्याची कड पात्याबरोबर निघून येते.